कुलूप फायलीला, किल्ली मॅक्रोत?

शाळांमध्ये संगणक आले तसे पट, हजेरी, निकाल, शिष्यवृत्तीच्या याद्या हे सगळे वह्या-रजिस्टरांतून स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे बहुतेक ठिकाणी एक्सेलच्या फायलींमध्ये गेले. या फायलींत काय काय असते ते एकदा आठवून पाहू. मुलाचे नाव, जन्मतारीख, जात, पालकांचे उत्पन्न, आधार क्रमांक, बँक खाते, घरचा फोन, एखाद्या मुलाच्या अपंगत्वाची किंवा आजाराची नोंद. पूर्वी हीच माहिती जनरल रजिस्टरमध्ये असे, रजिस्टर लोखंडी कपाटात असे आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक असे. फायलीला कपाट नसते. ती क्षणात पेनड्राइव्हवर उतरते, ईमेलने जाते, व्हॉट्सॲपच्या गटात पोचते. म्हणून आपण तिला पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द लावतो.

आता दुसरी बाजू पाहू. समजा, शाळेत दहा तुकड्या आहेत. दहा वर्गशिक्षक दहा फायली देतात. त्या एकेक करून उघडायच्या, गुण उचलायचे, एका तक्त्यात लावायचे, टक्केवारी काढायची, हे काम हाताने केले तर दिवस जातो आणि चुका होतात त्या वेगळ्याच. म्हणून कुणीतरी हौशी शिक्षक मॅक्रो लिहितो. मॅक्रो म्हणजे संगणकाने एकामागोमाग एक करायच्या कामांची लिहून ठेवलेली यादी. एक्सेलमध्ये १९९३ सालापासून त्यासाठी व्हीबीए नावाची भाषा आहे. लिबरऑफिसमध्ये बेसिक किंवा पायथन वापरता येते. बटण दाबले की दहा फायलींचे काम मिनिटभरात होते.

पण फायलींना तर पासवर्ड आहे! मॅक्रो दारात अडतो. त्याला आत सोडायचे तर पासवर्ड त्याला सांगायला हवा, आणि सांगायचा म्हणजे कुठेतरी लिहायला हवा. मग कुलूप लावून आपण नेमके काय मिळवले? आमच्या प्रयोगशाळांतही हा प्रश्न येतो. उपकरणे रात्रभर मोजमापे घेतात, पहाटे मॅक्रो त्यांचे तक्ते बनवतो आणि त्या वेळी पासवर्ड टाइप करायला कुणीच हजर नसते. या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी एक्सेलमधली कुलुपे नीट पाहावी लागतील.

एकच नाव, चार कुलुपे

एक्सेलमध्ये 'पासवर्ड' हा शब्द निदान चार वेगवेगळ्या जागी भेटतो.

पहिला, फाईल उघडण्याचा पासवर्ड. तो दिल्याशिवाय आतले काहीच दिसत नाही.

दुसरा, फाईल बदलण्याचा पासवर्ड. तो नसला तरी फाईल वाचता येते. फक्त त्याच नावाने बदल साठवता येत नाहीत. दुसऱ्या नावाने मात्र खुशाल साठवता येतात.

तिसरा, शीटच्या संरक्षणाचा पासवर्ड. यात काही चौकटी गोठवून ठेवतात. सूत्रे असलेल्या चौकटींवर कुणी चुकून काही टाइप करू नये, हा त्याचा हेतू. संपूर्ण वर्कबुकची मांडणी गोठवणारा पासवर्डही याच जातीचा.

चौथा, मॅक्रोची आज्ञावली पाहू न देणारा पासवर्ड.

चारही ठिकाणी तीच छोटी चौकट, तेच टिंबांमागे लपणारे अक्षर. त्यामुळे चारही कुलुपे सारखीच मजबूत असावीत असा आपला समज होतो. तो खरा आहे का, हे करूनच पाहू.

फायलीच्या पोटात

एक नवी एक्सेल फाईल घ्या. तिच्यात पाच-सहा काल्पनिक मुलांची नावे आणि गुण भरा. शीटला संरक्षणाचा पासवर्ड लावा आणि फाईल साठवा. आता त्या फायलीची एक प्रत काढा आणि प्रतीच्या नावातले शेवटचे 'एक्सएलएसएक्स' खोडून तिथे 'झिप' लिहा. संगणक 'नक्की बदलायचे का?' असे विचारील, हो म्हणा. मग त्या फायलीवर दोनदा टिचकी मारा.

गंमत म्हणजे ती उघडते! २००७ सालापासूनची एक्सेल फाईल ही खरे तर एक दाबून बांधलेली गाठोडी आहे. आत अनेक लहान फायली असतात आणि त्या साध्या मजकुराच्या असतात. 'वर्कशीट्स' या कप्प्यातल्या 'शीट१' मध्ये गुणांचे आकडे सापडतील. 'शेअर्ड स्ट्रिंग्ज' नावाच्या फायलीत मुलांची नावे सापडतील. नोटपॅडमध्ये उघडून ती वाचता येतात. पासवर्ड कुणी विचारत नाही.

मग आपण लावलेले कुलूप कुठे गेले? 'शीट१' च्या मजकुरात जरा शोधले तर 'शीट प्रोटेक्शन' असे एक वाक्य दिसेल. कुलूप म्हणजे तेवढेच. ते एक्सेलला सांगते, 'मालकाची इच्छा आहे की या चौकटी कुणाला बदलू देऊ नयेस.' एक्सेल ही सूचना पाळतो. दुसऱ्या एखाद्या आज्ञावलीने ती पाळलीच पाहिजे असे नाही. पायथनमधल्या एक्सेल फायली वाचणाऱ्या 'ओपनपायएक्सएल' या प्रसिद्ध संचाला अशी संरक्षित शीट दिली, तर तो पासवर्ड न विचारता वाचतो आणि लिहितोही. 'हिरवळीवर चालू नये' या पाटीसारखेच हे आहे. पाटी उपयोगी असते, पण तिला कुंपण समजू नये. शीटचे संरक्षण हे सुरक्षिततेचे साधन नाही, असे मायक्रोसॉफ्टनेही आपल्या माहितीपत्रकांत स्पष्ट म्हटले आहे.

आता तीच मूळ फाईल घ्या आणि या वेळी तिला उघडण्याचा पासवर्ड लावा. पुन्हा प्रत काढा, नाव बदला, टिचकी मारा. या वेळी संगणक तक्रार करील की ही झिप फाईलच नाही. नोटपॅडमध्ये पाहिले तर साध्या एक्सेल फायलीच्या सुरुवातीला 'पी' आणि 'के' ही दोन अक्षरे दिसतात. झिपची पद्धत १९८९ साली पुढे आणणाऱ्या फिल कॅट्झ यांच्या नावाची ती आद्याक्षरे. कुलूपबंद फायलीत ही अक्षरे नसतात आणि आत सगळा गिचमिड मजकूर असतो. इथे आतली माहितीच बदलून टाकलेली आहे. हे कुलूप खरे.

पहिल्या आणि तिसऱ्या कुलुपातला हा फरक मॅक्रो लिहिणाऱ्याने मनात पक्का ठेवला, तर निम्मे गोंधळ टळतात.

पासवर्डची खूण

शीटच्या कुलुपात पासवर्ड जसाच्या तसा लिहून ठेवलेला नसतो. त्याची एक खूण ठेवलेली असते. आपण पासवर्ड टाइप केला की एक्सेल त्याची खूण काढतो आणि ठेवलेल्या खुणेशी ताडून पाहतो. ही कल्पना मुलांना आकड्यांनी सहज समजावता येते.

चार अंकी पासवर्ड घेऊ, ७३२५. पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ३ ने, चौथ्याला ४ ने गुणू आणि बेरीज करू. ७ + ६ + ६ + २० = ३९. हिला ११ ने भागू, बाकी राहते ६. ही ६ म्हणजे आपली खूण. आपण फक्त ६ लिहून ठेवला, तर तो पाहून कुणाला ७३२५ ओळखता येणार नाही. फार छान!

पण थांबा. मुलांना विचारा, खूण ६ येईल असा दुसरा पासवर्ड सापडतो का? ६००० घ्या. ६ × १ = ६, बाकी शून्ये. खूण ६! ०३०० घ्या. ३ × २ = ६. पुन्हा तीच. कुलूप फक्त खूण तपासत असल्याने या किल्ल्यांनीही ते उघडेल. चार अंकी पासवर्ड एकूण १०,००० आणि खुणा ० ते १० अशा फक्त ११. म्हणजे प्रत्येक खुणेच्या वाट्याला सुमारे ९०९ पासवर्ड येतात. खुराडी कमी आणि कबुतरे जास्त असली की काही खुराड्यांत एकाहून अधिक कबुतरे राहणारच.

जुन्या एक्सेलमध्ये शीटच्या संरक्षणाची खूण अशीच आखूड होती. तिच्या फार तर ३२,७६८ वेगवेगळ्या किमती होऊ शकत. फक्त इंग्रजी लहान लिपीतली आठ अक्षरे वापरून होणारे पासवर्ड २६ चा आठवा घात, म्हणजे २०,८८२ कोटींहून अधिक आहेत. ते ३२,७६८ खुणांत वाटले तर एकेका खुणेला सरासरी ६३ लाखांहून जास्त पासवर्ड येतात. त्यामुळे मूळ पासवर्ड कितीही अवघड असला, तरी त्याच्या जागी चालणारा दुसरा एखादा शोधायला साध्या संगणकालाही फार वेळ लागत नसे. एक्सेल २०१३ पासून या खुणेची पद्धत सुधारली. ती आता खूप लांब असते. पण झिपच्या प्रयोगात आपण पाहिलेच, की खूण कितीही चांगली असली तरी माहिती उघडीच राहते. दाराची चौकट नसेल तर कुलूप महागाचे असून काय उपयोग?

खरे कुलूप किती मजबूत?

उघडण्याच्या पासवर्डमागे कूटलेखन असते. इथेही इतिहास शिकवून जातो. एक्सेल ९७ ते २००३ च्या काळात ४० बिटांची किल्ली वापरली जाई. आजच्या संगणकांपुढे ती टिकत नाही. म्हणून शेवटी नुसते 'एक्सएलएस' असलेल्या जुन्या फायलींच्या पासवर्डवर विसंबू नये. २००७ पासून एईएस ही पद्धत आली. बेल्जियमच्या योआन दामेन आणि व्हिन्सेंट रायमेन यांनी ती रचली आणि अमेरिकेने २००१ साली ती प्रमाण म्हणून स्वीकारली. आजच्या एक्सेलमध्ये तिची २५६ बिटांची किल्ली असते. अशा किल्ल्यांची एकूण संख्या लिहायची तर ७८ अंक लागतील. एकेक करून त्या तपासणे कुणाच्याही आवाक्यातले नाही.

मग चोर काय करतो? तो किल्लीच्या मागे न लागता पासवर्डच्या मागे लागतो, कारण किल्ली पासवर्डपासूनच तयार होते आणि पासवर्ड माणूस निवडतो. इथे एक्सेलने दोन उपाय योजले आहेत. एक, पासवर्डमध्ये दर वेळी एक वेगळी यादृच्छिक संख्या मिसळायची. तिला चक्क 'सॉल्ट', म्हणजे मीठ म्हणतात. एकाच पासवर्डच्या दोन फायलींच्या खुणा मिठामुळे वेगळ्या येतात, आणि आधीच तयार केलेल्या खुणांच्या याद्या चोराच्या कामी येत नाहीत. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली युनिक्स प्रणालीच्या संदर्भात ही युक्ती वर्णन केली होती. दुसरा उपाय, खूण काढण्याची क्रिया एकदा न करता तिच्याच उत्तरावर पुन:पुन्हा, आता एक लाख वेळा करायची. आपण फाईल उघडतो तेव्हा क्षणभर जास्त लागतो, पण चोराला प्रत्येक अंदाजामागे एक लाख आवर्तने करावी लागतात.

हिशेब करून पाहू. समजा, चोराचा संगणक सेकंदाला १,००० अंदाज तपासतो. चार अंकी पासवर्ड सगळे मिळून १० सेकंदांत संपतात. जन्मतारीख ठेवली असेल, तर शंभर वर्षांच्या साऱ्या तारखा ३६,५२५, म्हणजे ३७ सेकंद. आठ यादृच्छिक लहान अक्षरे असतील तर सुमारे साडेसहा वर्षे. आणि ५,००० शब्दांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेले चार शब्द असतील तर जवळजवळ २०,००० वर्षे! चोराने शंभरपट वेगाचा संगणक आणला तरी शेवटचा पासवर्ड टिकतो; पहिले दोन कुठल्याच हिशेबात टिकत नाहीत.

इथे एका भाषाशिक्षकाची आठवण काढायला हवी. ऑगस्ट केरखॉफ्स हे मूळचे नेदरलंड्सकडचे, पॅरिसमध्ये जर्मन शिकवत. १८८३ साली त्यांनी लष्करी कूटलेखनावर एक लेख लिहिला आणि त्यात एक नियम मांडला. त्याचा आशय असा, की कूटलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. एईएसची पद्धत जगजाहीर आहे, तरी ती टिकून आहे, कारण ती या नियमाला धरून आहे. आपल्या मॅक्रोलाही हाच नियम लावू. मॅक्रो म्हणजे पद्धत. तो कुणाच्याही हाती पडला तरी मुलांची माहिती सुरक्षित राहायला हवी. ज्या मॅक्रोत पासवर्ड लिहिलेला आहे, तो या कसोटीला उतरत नाही.

मॅक्रो दारात अडतो तेव्हा

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. व्हीबीएमध्ये फाईल उघडण्याची आज्ञा 'वर्कबुक्स.ओपन' ही आहे. तिला नुसते फायलीचे नाव दिले आणि फाईल कुलूपबंद निघाली, तर पासवर्ड विचारणारी चौकट पडद्यावर येते आणि मॅक्रो उत्तराची वाट पाहत थांबतो. समोर माणूस असेल तर हरकत नाही. रात्री चालणारा मॅक्रो मात्र सकाळी त्याच चौकटीपाशी उभा दिसतो, आणि पुढच्या नऊ फायली तशाच राहतात.

या आज्ञेला 'पासवर्ड' नावाची वेगळी किंमत देता येते. बदलण्याच्या पासवर्डसाठी 'राइटरेस-पासवर्ड' अशी दुसरी. पासवर्ड बरोबर असेल तर फाईल उघडते. चुकीचा असेल तर मॅक्रोला चूक झाल्याचा संदेश मिळतो. फायलीला कुलूपच नसेल तर दिलेल्या पासवर्डकडे दुर्लक्ष होते. यातून एक उपयोगी युक्ती निघते. कुठल्या फायलींना कुलूप आहे हे आधी माहीत नसेल, तर प्रत्येक फायलीला एखादा बिनकामाचा पासवर्ड देऊन उघडायचा प्रयत्न करावा. बिनकुलपाच्या फायली उघडतील. कुलूपबंद फायली चौकट न दाखवता चूक कळवतील. मॅक्रोने ती चूक झेलावी, फायलीचे नाव नोंदवहीत लिहावे आणि पुढच्या फायलीकडे जावे. एक सावधगिरी मात्र हवी. अशा वेळी येणारा १००४ हा चूक-क्रमांक एक्सेल इतर अनेक अडचणींनाही देतो. म्हणून फाईल जागेवर आहे की नाही ते आधी तपासावे, आणि क्रमांकाबरोबर संदेशाचा मजकूरही नोंदवावा. पासवर्ड मात्र नोंदवहीत कधीच लिहू नये.

शीटच्या संरक्षणाचे काम वेगळे आहे. गोठवलेल्या चौकटीत मॅक्रोला लिहायचे तर एक रीत अशी, की 'अनप्रोटेक्ट' करायचे, लिहायचे, पुन्हा 'प्रोटेक्ट' करायचे. मधेच चूक होऊन मॅक्रो थांबला तर शीट उघडीच राहते, म्हणून चूक झाली तरी शेवटी 'प्रोटेक्ट' होईलच अशी वाट आज्ञावलीत ठेवावी लागते. दुसरी रीत अधिक सोयीची. 'प्रोटेक्ट' करताना 'यूजर-इंटरफेस-ओन्ली' ही अट लावली, की संरक्षण फक्त कळफलकावरच्या माणसाला लागू होते, मॅक्रोला नाही. ही अट फायलीबरोबर साठवली जात नाही. फाईल पुन्हा उघडली की ती पुन्हा लावावी लागते. ज्यांचा मॅक्रो काल चालला आणि आज अडला, त्यांनी आधी इथे पाहावे.

पायथन वापरणाऱ्यांसाठी एक टीप. 'ओपनपायएक्सएल' शीटचे संरक्षण मोजत नसला, तरी उघडण्याच्या पासवर्डची फाईल त्याला वाचता येत नाही. आधी 'एमएसऑफक्रिप्टो' या संचाने ती उलगडावी लागते. लिबरऑफिसमध्ये फाईल उघडण्याच्या आज्ञेबरोबर पासवर्ड देण्याची सोय आहे.

किल्लीला कुलूप, त्या कुलुपाची किल्ली

तंत्र समजले. आता मूळ प्रश्न. मॅक्रोला द्यायचा पासवर्ड ठेवायचा कुठे?

सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत वाईट जागा म्हणजे मॅक्रोच्याच ओळीत. मॅक्रो असलेली फाईल ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे पासवर्डही जाईल. 'आम्ही मॅक्रोच्या आज्ञावलीलाही पासवर्ड लावतो' असे कुणी म्हणेल. पण ते चौथे कुलूप आहे. त्यामागे कूटलेखन नसते. आज्ञावली फायलीत दाबून भरलेली असते आणि कुलूप फक्त ती दाखवणाऱ्या खिडकीला असते. फायलीला उघडण्याचा पासवर्ड नसेल, तर इतर साधनांनी ती वाचता येते.

किल्ली आज्ञावलीतच लिहिली की काय होते याचे नामांकित उदाहरण खुद्द एक्सेलमध्ये आहे. जुन्या 'एक्सएलएस' फायलींत वर्कबुकची मांडणी गोठवली की फायलीचे कूटलेखन होई. पण वापरणाऱ्याने उघडण्याचा पासवर्ड दिलेलाच नसे. मग एक्सेल स्वत:चा एक ठरलेला पासवर्ड वापरी, 'वेल्व्हेटस्वेटशॉप'. फाईल उघडताना आधी हाच पासवर्ड लावून पाहिला जाई, त्यामुळे वापरणाऱ्याला काही कळतही नसे. जगातल्या सगळ्या एक्सेलना एकच किल्ली! तिचे नाव जाहीर आहे, आणि तिने कुणापासून काहीच लपत नाही. उलट व्हायरस पाठवणाऱ्यांनी तिचा फायदा घेतला. या पासवर्डने कुलूपबंद केलेली फाईल व्हायरस शोधणाऱ्या आज्ञावलींना आतून तपासता येत नसे, पण एक्सेलमध्ये मात्र ती सहज उघडे.

मग पासवर्ड वेगळ्या फायलीत ठेवू. त्या फायलीला कुलूप लावू. पण त्या कुलुपाची किल्ली? ती तिसऱ्या फायलीत? असे करत गेलो तर ही साखळी संपणार नाही. ती शेवटी दोनच ठिकाणी थांबू शकते. एक तर माणसाच्या डोक्यात, नाहीतर संगणकावर कुणी कोणत्या नावाने प्रवेश केला आहे याच्या नोंदीत. साखळी कुठे थांबवायची हे ठरवणे, एवढेच आपल्या हाती आहे, आणि कामाच्या स्वरूपावरून ते ठरवता येते.

मॅक्रो चालताना माणूस समोर असेल, तर पासवर्ड त्यालाच विचारावा. शाळेच्या निकालाचे काम असेच असते. वर्षातून दोन-चारदा, दिवसाउजेडी. पासवर्ड मॅक्रो चालू असेपर्यंत संगणकाच्या स्मृतीत राहतो, नंतर नाहीसा होतो. व्हीबीएचा साधा 'इनपुटबॉक्स' टाइप केलेली अक्षरे उघडी दाखवतो, हे लक्षात ठेवावे. त्याऐवजी लहानसा 'यूजरफॉर्म' करून त्यातल्या चौकटीत अक्षरांच्या जागी चांदण्या दिसतील अशी सोय करावी.

माणूस समोर नसेल, तर साखळी संगणकाच्या प्रवेशापाशी थांबवावी. विंडोजमध्ये 'क्रेडेन्शियल मॅनेजर' नावाची तिजोरी असते. तिच्यात ठेवलेला पासवर्ड कूटलेखन करून ठेवला जातो आणि ज्याच्या नावाने ठेवला, त्याच्या प्रवेशानंतरच तो वापरता येतो. पायथनमधला 'कीरिंग' हा संच ती सहज वाचतो. व्हीबीएतून वाचणे किचकट आहे. हे जमत नसेल तर पासवर्डची फाईल निदान मॅक्रोच्या कप्प्यात ठेवू नये, आणि ती वाचण्याची परवानगी एकाच खात्याला द्यावी. अशा वेळी त्या खात्याचा स्वत:चा पासवर्ड जपणे हीच खरी राखण ठरते. मुख्याध्यापक, लेखनिक आणि शिक्षक सगळे एकाच नावाने संगणकात शिरत असतील, तर तिजोरीचा काहीच उपयोग नाही.

मागे राहिलेल्या प्रती

फायली कुलूपबंद, पासवर्ड तिजोरीत. काम झाले का? अजून एक भोक शिल्लक आहे, आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मॅक्रोने दहा कुलूपबंद फायली उघडल्या आणि त्यांतला मजकूर एका नव्या फायलीत उतरवला. या नव्या फायलीला कुलूप कुणी लावले? मूळ फायलींची कुलुपे नकलेबरोबर येत नाहीत. दहाही तुकड्यांची माहिती आता एका उघड्या फायलीत आहे! म्हणून नवी फाईल साठवण्याच्या आज्ञेतच तिचा पासवर्ड द्यायला हवा. 'सीएसव्ही' प्रकारच्या साध्या मजकुराच्या फायलीला तर पासवर्ड लावताच येत नाही. पायथनने फाईल उलगडताना ती तात्पुरती म्हणून डिस्कवर साठवली आणि पुसायची राहिली, तर तोच घोटाळा; ती स्मृतीतच उलगडावी.

त्याहून मूलभूत प्रश्न असा, की निकालाच्या फायलीत आधार क्रमांक हवाच कशाला? गुणांची बेरीज करायला हजेरी क्रमांक पुरतो. जे फायलीत नाही त्याला कुलूप लावावे लागत नाही. २०२३ साली आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने मंजूर केला. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद त्यात आहे. पण कायदा नसता तरी ही जबाबदारी आपलीच होती. मुलाने आणि पालकाने ही माहिती आपल्याला विश्वासाने दिलेली असते.

शाळेपुरते सांगायचे तर एवढे करून पाहावे. पहिल्यांदा, आपल्या प्रत्येक महत्त्वाच्या फायलीची प्रत काढून झिपचा प्रयोग करावा. आतले वाचता आले तर तिला उघडण्याचा पासवर्ड लावावा. जुन्या 'एक्सएलएस' फायली नव्या प्रकारात साठवून मग कुलूप लावावे आणि जुन्या प्रती पुसाव्यात. पासवर्ड चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या चार शब्दांचा ठेवावा, आणि फायलीच्याच ईमेलमधून तो पाठवू नये. हा पासवर्ड विसरला तर मायक्रोसॉफ्टही तो परत मिळवून देऊ शकत नाही, म्हणून तो कागदावर लिहून, लिफाफा बंद करून शाळेच्या लोखंडी कपाटात ठेवावा. शेवटी, वापरात असलेला प्रत्येक मॅक्रो उघडून त्यात 'पासवर्ड' हा शब्द शोधावा. त्याच्यापुढे अवतरणचिन्हांत एखादा शब्द सापडला, तर तो तिथून काढावाच, आणि त्या फायलींचे पासवर्डही त्याच दिवशी बदलावेत. मॅक्रोच्या प्रती आजवर कुणाकुणाकडे गेल्या, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.